मातीचं विज्ञान शिकवणार कोण?

"भूशास्त्रात पदवी घेतली आणि शेवटी मास्तरकीच?" आपल्या घरांतून हा प्रश्न अगदी सहज येतो. म्हणून जरा अमेरिकेतल्या मास्तरांचा इतिहास सांगतो.

तिथे शाळेत 'अर्थ सायन्स' हा विषय असतो. आपल्या भूगोलासारखी राजधान्या आणि पिकं त्यात नाहीत. खडक, भूकंप, हवामान, समुद्र आणि आकाश, सगळं विज्ञान म्हणून शिकायचं. गंमत म्हणजे हा विषय जेव्हा जेव्हा वर आला, तेव्हा एकाच जागी अडला. शिकवणार कोण?

1892 साली शाळांत काय शिकवावं हे ठरवायला दहा जणांची समिती नेमली गेली. अध्यक्ष होते हार्वर्डचे चार्ल्स एलियट. भूगोलाच्या उपसमितीत विल्यम मॉरिस डेव्हिस होते. नद्या डोंगर कशा झिजवतात हे मांडणारे तेच. त्यामुळे प्राकृतिक भूगोलाला मान मिळाला खरा, पण फार टिकला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'सामान्य विज्ञान' आलं आणि हा विषय मागे पडला. जो विषय शाळेत नाही, तो शिक्षक होणारा तरी कशाला शिकेल?

मग 4 ऑक्टोबर 1957 ला रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. 1958 मध्ये शिक्षणासाठी खास कायदा झाला, सरकारी पैसा आला. शिक्षकांसाठी कॉलेजांमध्ये उन्हाळी वर्ग भरू लागले. अर्थ सायन्सची पाळी जरा उशिराच आली. 1963 च्या सुमारास अभ्यासक्रमाचं काम सुरू झालं आणि 1967 मध्ये 'इन्व्हेस्टिगेटिंग द अर्थ' हे पुस्तक निघालं. नावं पाठ करू नका, स्वतः करून बघा, असा त्याचा रोख.

आणि नेमकं त्याच सुमाराला, 1967-68 मध्ये, भूपट्टांचा सिद्धांत आकाराला आला! खंड सरकतात, त्यातून डोंगर उठतात, भूकंप होतात. म्हणजे शिक्षकांनी कष्टाने जे शिकून घेतलं, त्यातलं बरंच पुन्हा नव्याने शिकायची वेळ.

मला वाटतं, खरा मुद्दा इथेच आहे. या विषयाच्या शिक्षकाला पदवीच्या वेळचं ज्ञान जन्मभर पुरत नाही. न्यूयॉर्क राज्यात शिक्षकाला पहिलं प्रमाणपत्र मिळाल्यावरही पुढची मान्यता मिळवायला मास्टर्स लागते, ती उगीच नाही.

याच शहरात 2012 साली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने स्वतःच अर्थ सायन्सच्या शिक्षकांसाठी मास्टर्स सुरू केलं. मुदत 15 महिने. शाळेच्या वर्षात अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली वर्गावर उभं राहायचं आणि उन्हाळ्यात संग्रहालयातल्या शास्त्रज्ञांबरोबर संशोधन करायचं. बदल्यात अट अशी, की पुढची चार वर्षं गरजू सरकारी शाळांत शिकवायचं. मला ही अटच सगळ्यात आवडली. जिथे असा शिक्षक सहसा पोचत नाही, तिथे तो आधी जातो.

समित्या झाल्या, कायदे झाले, पुस्तकंही आली. पण दर वेळी गाडी अडली ती वर्गात उभं राहणाऱ्या माणसापाशी. तेव्हा घरात कुणी भूशास्त्र शिकून मास्तर व्हायचं म्हणालं, तर 'शेवटी' हा शब्द तेवढा गाळा, एवढंच म्हणणं.

तुम्हाला दगड हातात देऊन शिकवणारं कुणी भेटलं होतं का? जरूर कळवा.