सेत्ते

सेत्ते : सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरात ‘फ्रटेली’ या वाइन कंपनीच्या मळ्यांतून येणारी मिश्र लाल वाइन. सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांचा हा मेळ इटलीतल्या तस्कनीच्या वाइनकार पिएरो मासी यांच्या हातचा. पहिल्या द्राक्षाची आंबटसर चेरीची चव, तर दुसऱ्याचा गडद रंग आणि भक्कम तुरटपणा. तस्कनीत ही जोडी १९७०च्या दशकात ‘तिन्यानेल्लो’ या वाइनने गाजवली, मिश्रणाची परंपरा मात्र जुनी. बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ सालीच कियांती वाइनचा मेळ लिहून ठेवला होता.

ही वाइन पिण्याच्या तासभर आधी रुंद भांड्यात ओतलेली बरी. हवा लागली की तुरटपणा निवळतो, वास मोकळा होतो. उन्हाळ्यात मात्र ती १६ ते १८ अंशांपर्यंत गार करावी लागते.