हे युद्ध कोणाचे? फैजपूरचा ठराव आणि पुढचा वाद

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा पाठ चालू होता. 'भारताला न विचारता युद्धात ओढले म्हणून १९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले' हे वाक्य मी फळ्यावर लिहिले. दोन गुणांच्या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरते. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, युद्ध वाईट असते म्हणून विरोध केला, की आपल्याला विचारले नाही म्हणून? विचारले असते तर लढायला गेले असते का?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी त्या दिवसापुरता सुटलो. घरी गेल्यावर मात्र लक्षात आले की हा प्रश्न लहान नाही. याच प्रश्नावर मौलाना अबुल कलाम आझाद आणि गांधीजी यांचे एकमत होऊ शकले नव्हते. याच प्रश्नावर खान अब्दुल गफारखान कार्यकारिणीतून बाहेर पडले होते. आणि या वादातील एक महत्त्वाचा ठराव तर आपल्याच जिल्ह्यात, यावल तालुक्यातील फैजपूरला झाला होता.

फैजपूरचे अधिवेशन आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, पण ते बहुधा एकाच कारणासाठी. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. २७ व २८ डिसेंबर १९३६. बांबू आणि चटयांचे टिळकनगर, नंदलाल बोस यांची सजावट, अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू. वडीलधाऱ्यांच्या तोंडून गर्दीचे आणि धुळीचे वर्णन ऐकावे, तसे ते आपण ऐकत आलो. शेतकऱ्यांच्या कर्जाचा व साऱ्याचा कार्यक्रम तेथे मंजूर झाला, हेही पुस्तकात असते. परंतु त्याच मांडवात युद्धाच्या धोक्याविषयी एक ठराव झाला होता, तो पुस्तकात सहसा नसतो. साम्राज्यवादी युद्धात हिंदुस्थान सहभागी होणार नाही, असे त्या ठरावाने बजावले. युरोपात महायुद्ध पेटायला अजून पावणेतीन वर्षे बाकी होती. पण इटलीने त्याच वर्षी हबसाण म्हणजे ॲबिसिनिया गिळंकृत केला होता आणि स्पेनमध्ये यादवी सुरू झाली होती. केळीच्या आणि कापसाच्या मुलखात जमलेल्या शेतकऱ्यांपुढे नेहरू स्पेनविषयी बोलत होते. काहींना त्याचे हसू आले असेल. पण तीन वर्षांत त्या गोष्टी दारात येऊन उभ्या राहिल्या.

असा ठराव आधीच का करून ठेवावा लागला? उत्तर पहिल्या महायुद्धात आहे, आणि आपल्या समाजाचा त्या उत्तराशी फार जवळचा संबंध आहे.

१९१४ च्या युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे सैनिक व मजूर म्हणून समुद्रापार गेली. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध उतरले तेव्हा मुसलमान शिपायांपुढे मोठा पेच पडला, कारण तुर्कस्तानचा सुलतान हाच खलिफा होता. सरकारने आश्वासन दिले की अरबस्तानातील पवित्र स्थळांना धक्का लागणार नाही. त्या भरवशावर माणसे लढली. बसरा, कुत अल अमारा, बगदाद ही नावे अनेक मुसलमान घरांत धार्मिक इतिहासातून माहीत होती, ती आता मृत्यूच्या तारांमधून येऊ लागली. जानेवारी १९१८ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर सांगितले की तुर्कांची राजधानी आणि त्यांचा मूळ प्रदेश हिरावून घेण्यासाठी आम्ही लढत नाही. १९२० च्या सेव्हर्सच्या तहात त्या शब्दाचे काय झाले, हे खिलाफत चळवळीच्या इतिहासात वाचावे.

फसवणूक केवळ मुसलमानांचीच झाली असे नव्हे. १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरती करीत होते. अहिंसेचे पुजारी आणि सैन्यभरती! विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते अविश्वासाने पाहतात, पण ते खरे आहे. लोकमान्य टिळकांचाही भरतीला तत्त्वतः विरोध नव्हता. मात्र स्वराज्याचा विषय काढू दिला नाही तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांच्या युद्धपरिषदेतून ते उठून गेले. या सर्व मदतीचे फळ म्हणून १९१९ मध्ये रौलट कायदा मिळाला आणि जालियनवाला बाग मिळाली.

म्हणून जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला की इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणे मुसलमानाला धर्माने निषिद्ध आहे. मौलाना मोहम्मद अली, मौलाना शौकत अली, मौलाना हुसेन अहमद मदनी आणि त्यांचे सहकारी यांना याबद्दल प्रत्येकी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्यांच्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात एक शंकराचार्यही होते, ते सुटले. युद्धाचा हेतू शिपायाने विचारावा की नाही, हा प्रश्न भरकोर्टात मांडला गेला तो असा.

ही आठवण मनात असलेल्या नेत्यांपुढे ३ सप्टेंबर १९३९ हा दिवस उगवला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. कायदेमंडळाला विचारले नाही, की अकरापैकी एकाही प्रांताच्या मंत्रिमंडळाला विचारले नाही. वर्ध्याला कार्यकारिणी बसली आणि १४ सप्टेंबरला तिने एक साधी गोष्ट मागितली: युद्धाचे उद्दिष्ट सांगा. लोकशाहीसाठी लढत असाल तर ती लोकशाही आम्हालाही लागू आहे काय? गांधीजींना अट घालणे पसंत नव्हते. जो पाठिंबा द्यायचा तो अहिंसेचा, पण बिनशर्त द्यावा, असे म्हणणारे आपण एकटेच पडलो, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. सरकारचे उत्तर १७ ऑक्टोबरला आले. युद्ध संपल्यावर पाहू, असा त्याचा अर्थ होता. हे उत्तर लोकांनी एकदा ऐकले होते. राजीनामे झाले. मुस्लिम लीगने २२ डिसेंबरला त्याबद्दल मुक्तिदिन पाळला, तर पुढच्या मार्चमध्ये रामगढला काँग्रेसच्या अध्यक्षस्थानी मौलाना आझाद होते. मुसलमान सगळे एका बाजूला होते असे जे सरसकट सांगितले जाते, ते या एका गोष्टीवरूनही तपासून पाहावे.

आता त्या मुलीचा प्रश्न. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. इंग्लंडवर बाँब पडण्याची वेळ आली. गांधीजींनी प्रत्येक ब्रिटिश माणसाला उद्देशून लिहिले की शस्त्रे खाली ठेवा आणि हिटलरला अहिंसेने तोंड द्या. मौलानांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: काँग्रेस ही शांततावाद्यांची संस्था नव्हे, ती देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी संस्था आहे. अहिंसा हे आमचे धोरण आहे, तो आमचा धर्म नव्हे. दुसरा मार्गच उरला नाही तर तलवार उचलण्याचा हक्क माणसाला आहे. देश स्वतंत्र होणार असेल तर स्वतंत्र देश म्हणून नाझींविरुद्ध लढायला आपली हरकत नाही. जुलै १९४० मध्ये पुण्याच्या बैठकीत हीच भूमिका मंजूर झाली आणि गांधीजी काही काळ बाजूला झाले. म्हणजे मौलानांचे उत्तर: होय, विचारले असते, आणि बरोबरीने विचारले असते, तर गेलो असतो.

परंतु याच वेळी कार्यकारिणीतील दुसऱ्या एका मुसलमान सभासदाने राजीनामा दिला. खान अब्दुल गफारखान, सरहद्द गांधी. ज्या पठाणांत सूड घेणे ही इभ्रतीची गोष्ट, त्यांच्यात त्यांनी खुदाई खिदमतगार उभे केले होते. १९३० साली पेशावरच्या किस्सा खानी बाजारात त्यांच्या माणसांनी हात न उचलता गोळ्या झेलल्या होत्या. सब्र म्हणजे भ्याडपणा नव्हे, सब्र हे शस्त्र आहे, असे ते आपल्या माणसांना शिकवीत. देश स्वतंत्र होणार असला तरी त्यासाठी युद्धात उतरण्याचा करार त्यांना मान्य नव्हता. त्यांचे उत्तर: नाही, विचारले असते तरी गेलो नसतो.

एकाच किताबावर ईमान असलेले, एकाच संस्थेत काम करणारे, दोघेही आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात काढलेले हे बुजुर्ग दोन टोकांना उभे राहिले. मौलाना तर कुराणाचे भाष्यकार. माझे स्वतःचे मत मौलानांच्या बाजूने झुकते. हिटलरच्या छळछावण्यांचे पुढे जे उघडकीस आले ते वाचल्यावर त्यापुढे नुसते बसून राहावे असे म्हणवत नाही. पण किस्सा खानीच्या माणसांना भाबडे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही.

इतरांची उत्तरे आणखी वेगळी होती. फैजपूरला हजर असलेले मानवेंद्रनाथ रॉय यांनी पुढे हे फॅसिझमविरुद्धचे युद्ध आहे म्हणून सरकारला उघड पाठिंबा दिला. साम्यवाद्यांनी १९३९ मध्ये ज्याला साम्राज्यवादी युद्ध म्हटले, त्यालाच जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर लोकयुद्ध म्हटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर युद्धप्रयत्नाच्या बाजूने होते. ज्यांच्यासाठी सैन्याचे दार बंद केले होते त्या महार समाजाची पलटण १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली. सावरकर हिंदू तरुणांना भरती व्हा म्हणत होते. सुभाषबाबू शत्रूच्या शत्रूकडे गेले. यांतील कोणाचा हेतू किती शुद्ध, हे पाठ्यपुस्तकातील एका ओळीत मावणारे नाही.

ऑगस्ट १९४० च्या सरकारी देकारातही काही निघाले नाही, तेव्हा गांधीजी पुन्हा नेतृत्वावर आले आणि वैयक्तिक सत्याग्रह ठरला. त्यातील मागणी लक्षात घेण्यासारखी आहे: युद्धाविरुद्ध बोलण्याचे स्वातंत्र्य. एवढेच. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला पहिले भाषण विनोबा भावे यांनी केले. हे विनोबा म्हणजे १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने देणारे विनोबा, आणि ती प्रवचने लिहून घेणारे अमळनेरचे शिक्षक साने गुरुजी. रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनाने लढावे की नाही, हाच त्या ग्रंथाचा आरंभ. धुळ्याच्या बराकीत त्याचा अर्थ सांगणारा माणूस आठ वर्षांनी या युद्धाला मदत करू नका, असे सांगत उभा राहिला. (जाता जाता सांगतो: याच विनोबांनी पुढे 'कुराण-सार' तयार केले आणि साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिली. दोन्ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात असावीत.) त्या सत्याग्रहात वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. पुढे मौलानांनाही जावे लागले. पुण्याला युद्धात उतरण्याची तयारी दाखविणारे मौलाना आता युद्धाला विरोध केल्याबद्दल शिक्षा भोगत होते!

१९४२ च्या ८ ऑगस्टचा 'भारत छोडो'चा ठराव मौलानांच्याच अध्यक्षतेखाली झाला. त्यात स्वतंत्र भारत आपली सर्व साधनसामग्री घेऊन नाझीवाद व फॅसिझमविरुद्ध लढेल असे वचन आहे. ते आपण वर्गात सांगतच नाही, फक्त 'करेंगे या मरेंगे' सांगतो. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना पकडले. मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. भेटीला सोडावे म्हणून सरकारकडे अर्ज करणे मौलानांनी नाकारले होते.

खानदेशात त्या चळवळीची किंमत मोजली ती नंदुरबारने. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे नंतरच्या धुळे जिल्ह्यात होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही मुले गेली. फैजपूरला ठराव झाला तेव्हा शिरीषकुमार अवघा दहा वर्षांचा होता. गोळी लागली तेव्हा त्याचे सोळावे चालू होते.

त्याच वर्षांत सुमारे २५ लाख हिंदी तरुण सैन्यात होते. त्यांत मुसलमान पुष्कळ होते. कोणी पोटासाठी गेला, कोणी परंपरेने, कोणी खरोखर हिटलरविरुद्ध. भुसावळ जंक्शनवरून जाणाऱ्या लष्करी गाड्यांतून जी मुले ब्रह्मदेशाकडे आणि मिसरकडे गेली, त्यांना युद्धाचे उद्दिष्ट कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही.

हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल नंदुरबारला गेली. स्मारकापाशी मुलांनी पाचही नावे वहीत उतरवून घेतली. ती मुलगीही होती. परत येताना गाडीत तिने पुन्हा तोच प्रश्न काढला, तेव्हा मी तिला मौलानांचे आणि बादशाहखानांचे म्हणणे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, परीक्षेत यातले कोणते लिहायचे?" मी म्हटले, परीक्षेत फळ्यावरचे लिही, दोन गुण आहेत. बाकीचे घरी अब्बांना विचार, त्यांचे काय मत आहे ते मला येऊन सांग.