ठशातील भेद आणि घावातील दोष



पोथ्या आणि पाठभेद यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने नाण्यांवर बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे: समोर दिसणारा फरक वरून चालत आलेला, की त्या क्षणी कुणाच्या हातून घडलेला? एकच चूक दहा प्रतींत आढळली, तर त्या दहांची आई एक, असे आपण म्हणतो. एकाच प्रतीत आढळली, तर लेखनिकाला डुलकी लागली म्हणतो आणि पुढे जातो.

शिवराईचे उदाहरण घेऊ. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’, कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित असलेले हे तांब्याचे नाणे पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत ठिकठिकाणी पाडले गेले. नाव मात्र त्यावर शिवछत्रपतींचेच राहिले. बहुतेक नाण्यांवर सन नाही, टांकसाळीचे नावही नाही. तेव्हा काळ ठरवायचा तो वजनावरून, खुणांवरून, अक्षरांच्या वळणावरून. कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. रेव्हरंड ॲबट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो शिवराया जमवून असे भेद तपासले. मराठी लेखनाच्या इतिहासकारांनी या तांब्याकडे अद्याप पुरेसे पाहिलेले नाही, हे जाता जाता नमूद करतो. ठसा कोरणारा कारागीर बदलला की अक्षर बदलते. तो भेद खरा. कारण तो ठशात आहे आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर उतरणार आहे.

आता घावाचा दोष. खालचा ठसा पक्का बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि मग घणाचा घाव, अशी ही रीत. घाव नीट बसला नाही तर दुसरा घातला जाई. मधल्या क्षणात चकती किंवा वरचा ठसा हलला, की अक्षरे दोनदा उमटत.

उत्तरकाळातील काही शिवरायांवर मजकुराच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेषा आहेत. त्यांना ‘दुदांडी’ म्हणतात. झिजलेल्या जुन्या नाण्यावर खालच्या ओळीची शिरोरेषा दुसऱ्या घावाने पुन्हा उमटली असेल, तर तीही वरवर दुदांडीच भासते. अशा वेळी भिंग रेषांवर न धरता कडेवर धरावे. रेषा दोन, पण अक्षरे आणि ठिपके एकेरी, तर त्या रेषा कोरलेल्या. ठिपक्यांची रांगही दुहेरी, आणि सारे काही एकाच दिशेने सरकलेले किंवा कडेकडे अंतर वाढत गेलेले, तर तो घावाचा दोष. त्याच ठशाचे दुसरे नाणे मिळाले आणि त्यावरही तोच भेद तसाच दिसला, तर वाद मिटला.

हा काथ्याकूट कशासाठी? जमिनीत सापडलेल्या नाण्यांच्या निधीचा काळ त्यातील सर्वांत उशिराच्या नाण्यावरून ठरतो. एक शिवराई चुकून दुदांडी वाचली गेली, तर सबंध निधी कित्येक दशके पुढे ढकलला जातो. एका हाताच्या थरथरीवर इतिहासाचे पान लिहिले जाते.

यंत्र आले म्हणून प्रश्न संपला नाही. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, मुखप्रतिमा आणि देवनागरी अक्षरे असलेली यंत्राची नाणी निघाली. यंत्रयुगातील ठसा उठावाच्या साच्याने पोलादावर दाबून तयार करीत, आणि त्यासाठी एकाहून अधिक वेळा दाबावे लागे. दुसऱ्या वेळी साचा किंचित फिरला, तर दुहेरीपण ठशातच मुरते. अमेरिकेत १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत असेच झाले. त्या एका ठशाचे वीस हजारांहून अधिक सेंट बाहेर पडले, आणि आजही त्यांना मोठी किंमत येते.

उलट, सैल बसलेला ठसा घाव बसल्यावर मागे सरताना नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड दाबतो. तेथे पायरीसारखा सपाट, चकचकीत थर दिसतो आणि मूळ अक्षर अरुंद होते. ठशातील दुहेरीपणात दोन्ही अक्षरांना गोलाई असते, अक्षर रुंदावते आणि त्याच्या टोकाशी खाच दिसते. पहिल्या प्रकारची नाणी टांकसाळीतून सर्रास निघतात. तरीही बाजारात ती ‘दुर्मीळ’ म्हणून विकली जातात आणि हौशी मंडळी पदरचे पैसे मोजतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या डब्यात शिवराया असतील. त्या चिंच-राखेने घासून लख्ख करू नयेत. अशा घासण्याने उठावाच्या बारीक खुणा झिजतात, आणि कडेचे ठिपके गेले की हा निवाडा करायला काही उरत नाही.