चर्चमधील ध्वनियोजना : माईक, स्पीकर आणि घुमणारी वास्तू

मागच्या बाकांवर बसणाऱ्या वयस्क भाविकांची तक्रार बहुधा एकच असते : आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. त्यावर उपाय म्हणून अधिक शक्तीचा अॅम्प्लिफायर विकत घेतला जातो आणि तक्रार तशीच राहते. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या भिन्न गोष्टी आहेत. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३११ व्या परिच्छेदात आधुनिक तांत्रिक साधनांचा उल्लेख आहे, तोही भाविकांना धर्मगुरू व वाचक यांचे शब्द विनासायास ऐकू यावेत याच हेतूने.

मूळ अडचण वास्तूची असते. उंच छत, गिलाव्याच्या भिंती, गुळगुळीत फरशी यांवरून ध्वनी पुनःपुन्हा परावर्तित होतो. स्वरांचा घुमणारा शेष पुढच्या शब्दातील स, त, क यांसारख्या क्षीण व्यंजनांना झाकून टाकतो आणि शब्दांचा अर्थ तर मुख्यतः व्यंजनांवरच अवलंबून असतो. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून प्रयोग करून या घुमण्याचे सूत्र मांडले : जागेचे घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले एकूण ध्वनिशोषण. समजा, चर्च ३५ मीटर लांब, १४ मीटर रुंद व १० मीटर उंच आहे आणि रिकामे असताना त्याचे शोषण १६० चौरस मीटर आहे. मग ध्वनी विरण्यास सुमारे ४.९ सेकंद लागतात. चारशे माणसे बसली की, प्रत्येकी ०.४५ चौरस मीटर धरल्यास, हाच काळ २.३ सेकंदांवर येतो. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये बसवलेली ध्वनिव्यवस्था रविवारी निराळी का भासते, याचे उत्तर येथे आहे. व्यवस्थेची खरी पारख भरलेल्या चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसूनच करावी.

आमच्या मते सर्वांत स्वस्त सुधारणा माईकच्या अंतरात आहे. तोंड व माईक यांतील अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ६० सेंटिमीटरवरचा माईक १५ सेंटिमीटरवर आणला तर १२ डेसिबलचा लाभ होतो, तोही एक रुपया न खर्चता. मात्र माईक अगदी तोंडासमोर न धरता किंचित बाजूला ठेवावा. मराठीतील फ, भ, ध यांसारख्या महाप्राण वर्णांचा श्वास त्यावर आदळतो. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचे स्वर कापणारे बटण असल्यास वाचकाच्या माईकसाठी ते चालू ठेवावे. माईक हाती घेणाऱ्याने त्याची जाळी मुठीत झाकू नये, त्यामुळे माईकची दिशानिवड नष्ट होते.

शिट्टी वाजते ती स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा वाढवला जातो म्हणून. हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा, म्हणजे कार्डिऑइड, माईक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. त्याची पाठ स्पीकरकडे असावी आणि स्पीकर माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला असावा. तसेच चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने कमी होते. एकाऐवजी आठ माईक उघडे असतील तर ९ डेसिबल गेले! वाचन चालू असता गायनवृंदाचे माईक बंद ठेवणारा एक जागरूक तरुण महागड्या यंत्राहून उपयोगी ठरतो.

स्पीकरबाबत मोह टाळावा. भिंतीभर स्पीकर लावले की प्रत्येक जण घुमण्यात भर घालतो. लांबट, उभे ‘कॉलम’ स्पीकर ध्वनी वर-खाली कमी पसरवतात, त्यामुळे छताऐवजी माणसांकडे तो अधिक जातो. लांब चर्चमध्ये मागे वेगळे स्पीकर लागलेच, तर त्यांना विलंब द्यावा लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे २५ मीटरला ७२ मिलिसेकंद. मागच्या स्पीकरला त्याहून दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त विलंब दिला की आवाज वेदीकडूनच येतो असे कानाला वाटते. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये याच परिणामाचा अभ्यास मांडला. विलंब न दिल्यास मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

ध्वनिमुद्रण वा थेट प्रक्षेपणासाठी मिक्सरची केवळ तार जोडली तर भाविकांचे प्रतिसाद व गायन हरवते आणि घरी आजारी असलेल्या माणसाला मिस्सा रिकाम्या खोलीत झाल्यासारखी वाटते. म्हणून मंडपाकडे तोंड केलेला एक स्वतंत्र माईक त्यात मंदपणे मिसळावा. मुद्रणाची पातळी पूर्ण मर्यादेच्या १२ डेसिबल खाली राहील इतकी ठेवावी. डिजिटल मुद्रणात फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

गुणगुण आली म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणे प्राणघातक आहे. माईकची तार विजेच्या तारेपासून दूर न्यावी, संतुलित तारा वापराव्यात. उघड्यावरील सोहळ्यांना २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचे बंधन आहे : निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास सर्वसाधारणपणे मनाई.