ऑब्जेक्ट स्टोरेज : संस्थेसाठी पारख आणि निवड

माहितीचा प्रत्येक नग त्याच्या वर्णनासह, एका ठरावीक नावाखाली अखंड साठवण्याची पद्धत. नगाला ऑब्जेक्ट, नावाला की, वर्णनाला मेटाडेटा आणि नग ज्यात ठेवतात त्या कप्प्याला बकेट म्हणतात. पुण्यातील पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले आहेत. अभ्यासक रुमालाचा क्रमांक सांगतो आणि रुमाल पुढ्यात येतो. तो कोणत्या फडताळात होता हे त्याला ठाऊक असावे लागत नाही. येथेही तसेच आहे. फोल्डरच्या पोटात फोल्डर अशी उतरंड नसते, नावात तिरप्या रेघा घालून तिचा आभास केलेला असतो. म्हणून एका ‘फोल्डर’चे नाव बदलायचे झाले तर सर्वसाधारणपणे आतला प्रत्येक ऑब्जेक्ट नव्या नावाने उतरवून जुना पुसावा लागतो. मधल्या चार ओळी जागच्या जागी दुरुस्त करण्याचीही सोय सहसा नसते. चालू व्यवहारांच्या डेटाबेसला ही जागा मानवत नाही. बॅकअप, स्कॅन केलेले दस्तऐवज, एक्स-रे, चित्रफिती, लॉग अशा ‘एकदा लिहिले, पुष्कळदा वाचले’ जातीच्या माहितीला ती उत्तम मानवते.

या कल्पनेचे मूळ कार्नेगी मेलन विद्यापीठात गार्थ गिब्सन यांच्या गटाने 1990च्या दशकात केलेल्या संशोधनात सापडते. 2002 मध्ये ईएमसीचे सेंटेरा हे यंत्र बाजारात आले. 14 मार्च 2006 रोजी ॲमेझॉनने एस3 ही सेवा सुरू केली आणि तिची एपीआय हळूहळू साऱ्या क्षेत्राची बोली झाली. स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या सेफ, मिनआयओ यांसारख्या प्रणालीही हीच बोली बोलतात. मायक्रोसॉफ्टच्या ब्लॉब स्टोरेजची एपीआय मात्र वेगळी आहे.

पारख करताना पहिली गल्लत टिकाऊपणा आणि उपलब्धता या दोहोंत होते. एस3चा टिकाऊपणा 99.999999999 टक्के, म्हणजे ‘अकरा नऊ’ असा सांगितला जातो. अर्थ असा की एक कोटी ऑब्जेक्ट ठेवले तर सरासरीने 10,000 वर्षांत एखादा गमवावा लागेल. पण माहिती शाबूत असणे वेगळे आणि हव्या त्या क्षणी हाती येणे वेगळे. 28 फेब्रुवारी 2017 रोजी उत्तर व्हर्जिनियातील एस3 सेवा एका आज्ञेतील चुकीमुळे सुमारे चार तास विस्कळीत झाली आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे अडली. शिवाय हे अकरा नऊ यंत्रांच्या बिघाडापुरते आहेत. अधिकार असलेल्या माणसाने चुकून पुसलेले किंवा खंडणीखोराने मुद्दाम पुसलेले त्यांत येत नाही.

त्यासाठी जुन्या आवृत्त्या राखणारे व्हर्जनिंग आणि पुसणे रोखणारे ऑब्जेक्ट लॉक या सोयी असतात. लॉकच्या कडक प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याचा मुख्य चालकही ऑब्जेक्ट पुसू शकत नाही. बॅकअपसाठी ही सोय नसलेला पर्याय यादीतून सरळ वगळावा. मात्र सात दिवसांऐवजी चुकून सात वर्षांची मुदत लागली, तर भाडेही सात वर्षे भरावे लागते. म्हणून आधी छोट्या बकेटवर प्रयोग करावा.

स्वतःचे सर्व्हर मांडणाऱ्यांनी इरेझर कोडिंग समजून घ्यावे. याचा पाया 1960 मध्ये आर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडलेल्या संकेतपद्धतीत आहे. ऑब्जेक्टचे 10 तुकडे करून त्यांत गणिताने काढलेले 4 जादा तुकडे मिळवले की 14 पैकी कोणतेही 4 गेले तरी मूळ ऑब्जेक्ट परत उभा राहतो. 100 टेराबाइट माहितीला 140 टेराबाइट डिस्क पुरते. तीन पूर्ण प्रती ठेवल्या असत्या तर 300 लागली असती. मोबदल्यात डिस्क बिघडल्यावर दुरुस्तीचे काम जड होते. ही सारी डिस्क एकाच कपाटात असेल तर तुकड्यांचा उपयोग थोडाच.

खर्चाचा अंदाज सर्वाधिक चुकतो, कारण दरपत्रकात ठळक दिसतो तो दरमहा दर गीगाबाइटचा आकडा. विनंत्यांचे शुल्क, माहिती बाहेर नेण्याचे शुल्क आणि किमान आकाराची अट खाली बारीक अक्षरांत असते. एस3च्या क्वचित वापराच्या वर्गात 128 किलोबाइटहून लहान ऑब्जेक्टलाही 128 किलोबाइटचेच भाडे लागते. एखाद्या संस्थेच्या 100 कोटी पावत्या प्रत्येकी 10 किलोबाइटच्या असतील, तर प्रत्यक्ष माहिती 10 टेराबाइट आणि बिल 128 टेराबाइटचे! अशा बारक्या नगांचे आधी गठ्ठे बांधावेत. डीप आर्काइव्ह वर्ग आणखी स्वस्त, पण तेथे किमान 180 दिवसांचे भाडे लागते आणि नेहमीच्या मार्गाने माहिती मिळायला 12 तासांपर्यंत थांबावे लागते.

परतीच्या वाटेची मोजणी करारापूर्वीच करावी. सेकंदाला एक गीगाबिट वेगाची जोडणी अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालली, तरी 100 टेराबाइट माहिती परत आणायला सव्वानऊ दिवस लागतात. रुग्णालयाला किंवा कारखान्याला इतके दिवस थांबणे परवडेल का, हा प्रश्न प्रतिगीगाबाइट दराहून मोठा आहे. 2024च्या प्रारंभी गूगल आणि ॲमेझॉन या दोघांनी सेवा कायमची सोडून जाणाऱ्या ग्राहकांना बाहेर नेण्याचे शुल्क माफ केले. रोजच्या वापरात ते लागतेच.

‘एस3शी सुसंगत’ या शब्दांवरही विसंबू नये. साधे लिहिणे-वाचणे बहुतेकांना जमते. तुकड्यांनी चढवणे, लॉक आणि सशर्त लेखन येथे फरक पडतो. आपलेच बॅकअप सॉफ्टवेअर जोडून, चालू कामात मुद्दाम एक सर्व्हर बंद करून पाहावे. मुक्त सॉफ्टवेअर घेताना परवानाही वाचावा: मिनआयओने 2021 मध्ये अपाचे परवाना सोडून एजीपीएल स्वीकारला.

माहिती कोठे ठेवली आहे याला भारतात कायद्याचे महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 एप्रिल 2018च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच ठेवावी लागते. मायक्रोसॉफ्टचा पुण्यातील विभाग 2015 पासून, ॲमेझॉनचा मुंबईतील विभाग 2016 पासून आणि हैदराबादेतील 2022 पासून चालू आहे. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झाले आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. मुंबईतील माहितीची दुसरी प्रत हैदराबादेत ठेवली तर ती देशातच राहते. दोन शहरांमधल्या वाहतुकीचे आणि दुसऱ्या जागेचे भाडे मात्र मूळ अंदाजपत्रकातच धरावे लागते.