पूर्वहनुमान आणि उत्तरहनुमान

ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मनुष्यास आपण हिंदी चित्रपटाच्या माहेरीं उभे आहों असें आज कोणत्याहि खुणेवरून कळणार नाहीं. ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला, तें येथून पायीं जाण्याच्या अंतरावर, त्या वेळच्या सँढर्स्ट रोडवर होतें. आतां तें नाहीं. १४ मार्च १९३१ रोजीं ‘आलम आरा’ हा आपल्या देशांतील पहिला बोलपट ज्या मॅजेस्टिकमध्यें लागला, त्या मॅजेस्टिकच्या जागीं आतां दुकानें आहेत. परंतु पुराणांतील देव पडद्यावर हालतांना पाहण्याची जी हौस फाळक्यांनीं गिरगांवाला लावली ती घरें पडलीं म्हणून गेली नाहीं.

आमच्या चाळींतहि ती आहे. २००५ सालीं दिवाळीच्या तोंडावर ‘हनुमान’ हा कार्टूनपट आला, तेव्हां चार बिऱ्हाडांतील मुलें गोळा करून आम्ही त्यांना घेऊन गेलों. २००७ च्या अखेरीस ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला, तेव्हां तींच मुलें, दोन वर्षांनीं उंच झालेलीं, आम्हांस घेऊन गेलीं. परत येतांना जिन्यांतच वाद जुंपला. थोरल्यांच्या मतें पहिलें तें पहिलेंच. धाकट्यांना दुसऱ्यांत हंसूं अधिक आलें होतें. हा गलबला ऐकून आमच्या आजीबाई बाहेर आल्या. त्या चित्र पाहण्यास आल्या नव्हत्या. मुलांनीं त्यांस चित्राचें नांव मराठी करून सांगितलें, ‘हनुमान परत आला’. त्या म्हणाल्या, “परत आला? तो गेला होता कुठें?”

मुलें हंसलीं आणि आम्हीहि हंसलों. पण या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं, आणि त्यावर पुढें जो विचार केला तोच आज वाचकांपुढें मांडीत आहों. मारुती हा सात चिरंजीवांपैकीं एक. रामकथा वाचतांना त्याच्यासाठीं एक पाट रिकामा ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. कथा चालली आहे तोंपर्यंत तो तेथें बसलेला आहे असें समजावयाचें. गांवाच्या वेशीवर तो उभा असतो. समर्थांनीं सतराव्या शतकांत त्याचीं अकरा देवळें स्थापिलीं. जो कधीं गेलाच नाहीं त्याचें पुनरागमन कसें दाखवावयाचें? उत्तरचित्र काढणारांपुढील खरी अडचण आम्हांस येथें दिसते. त्या वेळीं जी टीका झाली ती मात्र देवाला शाळेंत धाडला, त्याची थट्टा केली, एवढ्याच मुद्द्यापाशीं बहुधा थांबली.

प्रथम मूळ चित्राकडे वळूं. व्ही. जी. सामंत यांनीं दिग्दर्शिलेला हा चित्रपट २१ ऑक्टोबर २००५ रोजीं प्रसिद्ध झाला. मुंबईच्या सिल्व्हरटून्सनें तो काढला व परसेप्टनें तो लोकांपुढें आणला. यापूर्वीं आपल्याकडे चित्रें हालवून दाखविण्याचे प्रयत्न झाले नव्हते असें नाहीं. स्वतः फाळक्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं वाटाण्याच्या वेलाचें एकेक चित्र रोजच्या रोज घेऊन ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखविली होती, आणि तीच फीत दाखवून भांडवल उभें केलें होतें. पुढें आगकाड्यांना नाचविण्याचा खेळहि त्यांनीं केला. पुण्याच्या प्रभातनें ‘जंबूकाका’ काढला. १९५७ सालीं फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून शाखेंतून ‘बनियन डिअर’ निघाला. १९९२ चें रामायणावरील मोठें कार्टूनचित्र तर जपानचे युगो साको व आपले राम मोहन यांनीं मिळून केलें. परंतु येथेंच काढलेला पूर्ण लांबीचा कार्टूनपट तिकीट काढून सहकुटुंब पाहावयास लोक रांगा लावतात, हें ‘हनुमान’नेंच प्रथम दाखविलें. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबानें दीड तासाच्या चित्रास सव्वा लाखाहून अधिक चौकटी लागतात. एकच चित्र दोन दोन चौकटींस वापरलें तरी काम निम्म्याहून कमी होत नाहीं. एवढें काम हातांतील पैशांत उरकावयाचें म्हणजे कोठें तरी काटकसर आलीच. मागचीं रानें व डोंगर पुष्कळदां निर्जीव वाटतात आणि राक्षसांची चालणी अडखळते, हें आमच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. मुलांच्या नजरेंतूनहि तें सुटलें नाहीं, कारण घरीं तीं जपानी व अमेरिकन कार्टूनें रोज पाहत होतीं. तरी त्यांनीं तें मनाला लावून घेतलें नाहीं.

याचें कारण कथेंत आहे. बाळ मारुती सूर्याला फळ समजून झेपावतो, इंद्राच्या वज्रानें पडतो, मोठा होऊन ऋषींच्या खोड्या काढतो, आणि ऋषि त्याला शाप देतात कीं तुझें सामर्थ्य तूं विसरशील, कोणी आठवण करून दिली म्हणजेच तें तुला आठवेल. पुढें समुद्राच्या कांठीं सर्व वानर हताश होऊन बसले असतां जांबवान ती आठवण करून देतो. हा क्षण आला तेव्हां आमच्या ओळींतील मुलें खुर्चीच्या कडेला सरकलीं होतीं. आपल्या अंगांत कांहीं तरी आहे पण आपणांस तें माहीत नाहीं, कोणी तरी वडीलधाऱ्यानें येऊन तें सांगावें, ही लहान मुलाच्या अंतःकरणांतील सर्वांत जुनी आशा असावी. त्यांतून मारुतीला आवाज मुकेश खन्नांचा; ज्यांनीं दूरदर्शनवर भीष्म पाहिले होते त्यांस तो आवाज ऐकतांच पाठ ताठ करावीशी वाटे, आणि मुलांस त्याच आवाजांत त्यांचा शक्तिमान भेटे.

आतां गंमत अशी कीं, ज्या शापावर मूळ चित्राचा सारा डोलारा उभा आहे तो वाल्मीकीच्या रामकथेंत मूळचा नाहीं. किष्किंधाकांडांत जांबवान सूर्याकडे घेतलेली झेंप व वज्राचा प्रहार यांची कथा सांगतो. शापाची कथा येते ती उत्तरकांडांत. आणि उत्तरकांड हें मागाहून जोडलेलें आहे असें पुष्कळ विद्वान् मानतात. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणून डोक्यावर घेतों, त्याचा प्राण एका जुन्या उत्तरभागांतूनच आलेला आहे! तेव्हां ‘पुढचा भाग म्हणजे पातळ केलेलें ताक’ असें म्हणण्याची जी रीत आहे ती आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाला तरी सोडून आहे. विदर्भांतील पद्मपुरच्या भवभूतीनें रामाचें पूर्वचरित्र ‘महावीरचरितां’त लिहिलें आणि नंतरचें ‘उत्तररामचरितां’त, रसिकांनीं त्याला कवि म्हणून अढळ स्थान दिलें तें दुसऱ्यासाठीं.

फाळक्यांचा अनुभव मात्र उलटा. १९१७ सालीं त्यांनीं ‘लंकादहन’ काढला. त्यांत अण्णा साळुंके हे राम झाले आणि सीताहि झाले. हनुमान झाले गणपत शिंदे. त्या चित्रानें लोकांस वेड लावलें. पडद्यावर राम दिसतांच प्रेक्षक हात जोडीत, असें त्या काळच्या लोकांनीं सांगून ठेवलें आहे. पंधरा वर्षांनीं, १९३२ त, त्याच कथेचा पुढचा दुवा म्हणून शोभेल असा ‘सेतुबंधन’ त्यांनीं काढला. तो मूकपट होता आणि मॅजेस्टिकमध्यें पडदा बोलूं लागून वर्ष उलटून गेलें होतें. मागाहून त्याला आवाज जोडण्यांत आला, पण गेलेला काळ जोडतां आला नाहीं. हनुमान तोच, समुद्र तोच आणि काढणारा हातहि तोच होता. फक्त समोरचा प्रेक्षक बदलला होता.

‘रिटर्न ऑफ हनुमान’च्या कर्त्यांनीं हा बदललेला प्रेक्षक पुरता ओळखला होता असें आम्हांस वाटतें. २८ डिसेंबर २००७ रोजीं आलेल्या या चित्राचे दिग्दर्शक अनुराग कश्यप. त्याच वर्षाच्या आरंभीं १९९३ च्या मुंबईतील स्फोटांवरचा त्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ लोकांपुढें आला होता; तो पाहिलेल्या गिरगांवकरास तोच मनुष्य मुलांसाठीं मारुती काढतो आहे हें ऐकून प्रथम खरें वाटलें नाहीं. काम या वेळीं तिरुवनंतपुरमच्या टूंझकडे होतें, आणि चित्रकाम पहिल्यापेक्षां सफाईदार आहे हें पहिल्याच्या कैवाऱ्यांनींहि मान्य करावें. कथा अशी: गांवांतील दांडगीं मुलें एका गरीब पोराला छळतात हें स्वर्गांतून पाहून हनुमान कळवळतो, ब्रह्मदेवाची अनुमति मिळवितो आणि एका पुजाऱ्याच्या घरीं जन्म घेतो. त्याचें नांव मारुती. तो शाळेंत जातो, अन्नाचे ढीग फस्त करतो, दांडग्यांना वठणीवर आणतो, आणि शेवटीं राहू-केतूंच्या दुष्टाव्याशीं त्याची गांठ पडते. देवलोक तर एखाद्या सरकारी कचेरीसारखा दाखविला आहे.

यांत देवाची विटंबना आहे असें म्हणणारांशीं आम्ही सहमत नाहीं. कीर्तनकार बुवांनीं नारदाची आणि भोजनभाऊ देवांची जेवढी थट्टा केली आहे तेवढी या चित्रानें केलेली नाहीं. आणि ठाकूरद्वारच्या परिसरांतील देवळांत वाढलेल्या माणसाला ती थट्टा नवी वाटूं नये. राहूला खलनायक केलें तेंहि उगीच नव्हे. उत्तरकांडांतच सांगितलें आहे कीं, त्या दिवशीं सूर्याला ग्रासण्याचा अधिकार राहूचा होता. बाळ हनुमान आडवा आला म्हणून राहू इंद्राकडे गाऱ्हाणें घेऊन गेला, आणि हनुमान सूर्य सोडून खुद्द राहूलाच फळ समजून त्याच्यामागें लागला. इतकें जुनें वैर उत्तरचित्राला आयतें सांपडलें होतें. शिवाय आपल्या कानांना ‘मारुती’ हें नांव ‘हनुमाना’हून अधिक घरचें. पहिल्या चित्रांतील संस्कृतप्रचुर हिंदीपुढें दबून बसलेलीं आमचीं मुलें दुसऱ्या चित्रांत वर्गांतील मास्तर पाहून मोकळीं झालीं.

मग हें चित्र पहिल्याएवढें मनांत कां राहिलें नाहीं? आमचें उत्तर असें कीं, दुसऱ्या मारुतीला विसर पडलेला नाहीं. तो कोण आहे हें आपणांस पहिल्यापासून ठाऊक. शाप नाहीं, म्हणून जांबवान नाहीं, आणि जांबवान नाहीं म्हणून ती झेंपहि नाहीं. तो उडतो पुष्कळ, पण कोठूनहि उडतो. त्याला उडण्यासाठीं आधीं हताश व्हावें लागत नाहीं. छळला जाणारा पोरगा हा खरा कथानायक होऊं शकला असता, कारण विसर पडलेला आहे तो त्यालाच. त्याला त्याच्या बळाची आठवण करून देणारा जांबवान मारुतीनें व्हावें, एवढा एक फेरफार केला असता तर आजीबाईंच्या प्रश्नालाहि उत्तर मिळालें असतें. परंतु चित्रांत मारुतीच त्याच्या वतीनें सारें करून टाकतो. आठच दिवस आधीं, २१ डिसेंबरला, ‘तारे जमीन पर’ लागला होता. तेथेंहि शाळेंत चेचला गेलेला मुलगाच होता, आणि मास्तर येऊन त्याच्या हातांत रंग देतात. त्याच्यासाठीं चित्र काढून देत नाहींत. आमच्या मुलांनीं दोन्ही चित्रें एकाच सुटींत पाहिलीं. रडलीं कोणत्याला हें सांगावयास नको.

त्याच सुमारास बालगणेशहि आला, २००८ पासून छोटा भीम दूरचित्रवाणीवर रोज लाडू खाऊं लागला, आणि सर्व देव एकाच वयाचे झाले. हा दोष ‘रिटर्न’च्या माथीं मारणें अन्यायाचें होईल, पण ती वाट त्यानें रुंद केली हें खरें. पहिल्या चित्रांत मारुती लहान असतो तो मोठा होण्यासाठीं. पुढील चित्रांतून हें मोठें होणें हळूहळू गळून गेलें. विकावयाच्या बाहुलीचें वय वाढत नसतें, हें त्याचें एक कारण असावें.

त्या दोन खेळांना आमच्याबरोबर असलेलीं मुलें आतां नोकरीस लागलीं आहेत. पुढच्या पिढीला दोन्ही चित्रें हातांतील फोनवर दिसतात, आणि कोणतें आधींचें, कोणतें नंतरचें, याची त्यांस दाद नाहीं. गेल्या हनुमानजयंतीस धाकट्या बिऱ्हाडांतील एका पोरानें मारुतीचें चित्र काढून आणलें. एका हातावर द्रोणागिरि, दुसऱ्यांत गदा, अंगांत शाळेचा गणवेश, खांद्याला दप्तर, आणि मागें लांबच लांब शेपटी. आजीबाई आतां नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांनीं चष्मा लावून तें बराच वेळ न्याहाळलें आणि विचारलें, “शेपटीसाठीं चड्डीला भोंक कोणी रे पाडलें?”

“त्याच्या आईनें,” तो म्हणाला.