प्रवीण तांबे: मुलुंडचा 41 वर्षांचा नवखा

आजचा एपिसोड एका बॉलरचा आहे, आणि आधीच सांगतो, मी तटस्थ नाहीये. मी घाटकोपरचा, तो मुलुंडचा. सेंट्रल लाइनवाला माणूस आपल्याच लाइनच्या माणसाला चिअर करणार, एवढं समजून घ्या.

7 मे 2013, जयपूर. राजस्थान रॉयल्स विरुद्ध दिल्ली. राहुल द्रविड एका नव्या लेगस्पिनरला टीममध्ये घेतो. वय 41. तोपर्यंत त्याच्या नावावर एकही रणजी सामना नाही. आयपीएलमध्ये इतक्या उशिरा पदार्पण कुणीच केलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी विचारलं, हा कोण? पुढे 2022 मध्ये श्रेयस तळपदेचा सिनेमा आला, त्याचं नावच 'कौन प्रवीण तांबे?'

कोण म्हणजे काय, वीस वर्षं मैदानावरच होता की! ओरिएंट शिपिंगकडून ऑफिस क्रिकेट, क्लबकडून कांगा लीग. ही कांगा लीग 1948 पासून चालू आहे, आणि तीही भर पावसाळ्यात. ओली विकेट, चिखल, हातातून सटकणारा बॉल. तांबे आधी मीडियम पेस टाकायचा, लेगस्पिन नंतर आला. म्हणजे बघा, लोकलला लटकत आझाद मैदान गाठायचं, विकेट काढायच्या, आणि पेपरात आलंच तर एका ओळीत नाव.

आता इतिहासाचा मुद्दा. तांबेला सगळे 'चमत्कार' म्हणतात. मला ते पटत नाही. पद्माकर शिवलकर आठवा. 589 फर्स्ट क्लास विकेट्स आणि भारताकडून शून्य कसोटी! कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते, दोघेही डावखुरे स्पिनर. तेव्हा दरवाजा एकच होता: क्लब, मग मुंबई, मग भारत. तो बंद तर सगळं बंद. तांबेला तर मधली मुंबईची पायरीसुद्धा मिळाली नव्हती. पण टी-20 नं शेजारी दुसरा दरवाजा काढला. तिथे दोन दिवस फिल्डिंग करायची नव्हती, चार ओव्हर टाकायच्या होत्या. चाळिशीतल्या माणसाला ते जमतं, आणि पावसात हात घासलेल्याला तर जरा जास्तच जमतं.

त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये त्यानं 5 सामन्यांत 12 विकेट्स काढल्या. मग कुठे मुंबईला जाग आली, आणि 42 व्या वर्षी रणजी टोपी मिळाली. उलटा प्रवास! आधी आयपीएल, मग रणजी.

आणि 5 मे 2014, अहमदाबाद. कोलकाता बिनबाद 121, टार्गेट 171. मॅच संपल्यातच जमा. आधी वॉटसननं तीन काढल्या, मग तांबे आला. पहिलाच बॉल वाइड, पण मनीष पांडे पुढे सरसावला आणि संजू सॅमसननं स्टंप उडवले. (वाइडवर स्टंपिंग धरतात, बॉल मात्र मोजत नाहीत.) मग युसूफ पठाण, तांबेच्याच हातात कॅच. मग टेन डोशेट एलबीडब्ल्यू. हॅटट्रिक, तीही मोजून दोन अधिकृत बॉलमध्ये! 121 ला शून्यवरून 123 ला सहा. राजस्थान 10 रन्सनी जिंकलं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या रात्री कोलकात्याचे फॅनसुद्धा ओरडत होते.

आयपीएलचा एकूण हिशोब 33 सामने, 28 विकेट्स. फार मोठा आकडा नाही, मान्य. कांगा लीगचा आकडा कुणी असा पाठ म्हणून दाखवत नाही, नाहीतर चित्र वेगळं दिसलं असतं.

डिसेंबर 2019 च्या लिलावात कोलकात्यानं 20 लाखांना त्याला घेतलं, वय 48. पण तो परदेशात टी-10 खेळून आला होता, म्हणून बीसीसीआयनं अपात्र ठरवलं. नियम म्हणजे नियम, पण मला वाईट वाटलं. मग ऑगस्ट 2020 मध्ये तो कोलकात्याच्याच मालकांच्या त्रिनबागो नाइट रायडर्सकडून उतरला. कॅरिबियन प्रीमियर लीग खेळणारा पहिला भारतीय! आणि तिथेही विकेट काढलीच.